डासात डेंग्यू सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात नाशिककरांच्या कानावर डेंग्यूचे दोन आकडे सतत पडतात: रुग्ण किती झाले आणि पाहणीत किती घरांत अळ्या निघाल्या. तिसरा आकडा फारसा कुणी विचारत नाही. शहरात उडणाऱ्या डासांपैकी किती डासांच्या अंगात खरोखर विषाणू आहे? हा आकडा काढता येतो. त्याला चार सराईत माणसं, थंड पेटी, प्रयोगशाळा आणि बराच धीर लागतो. एवढं करून तो वाचताना गफलत झाली, तर केलेलं सगळं मुसळ केरात. म्हणून तो काढतात कसा, हे आधी पाहायला हवं.

आधी डास कोणता ते ठरवा

गोदापात्रात पानवेली माजल्या की काठच्या वस्त्यांत डासांचा उच्छाद होतो आणि डेंग्यूचं खापरही नदीवर फुटतं. पण संध्याकाळी झुंडीनं घरात शिरणारे हे डास बहुतेक क्युलेक्स असतात. साचलेल्या घाण पाण्यात, गटारांत, नाल्यांत त्यांची पैदास होते. त्यांचा त्रास खराच, पण ते डेंग्यू पसरवत नाहीत. डेंग्यू पसरवते ती एडिस इजिप्ती, आणि काही प्रमाणात तिची भावंड एडिस अल्बोपिक्टस. या माद्या दिवसा चावतात, सकाळी लवकर आणि सूर्य मावळण्याआधीच्या दोनेक तासांत जास्त. अंडी घालायला त्यांना भांड्यात साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं.

नाशकात अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे हौद आणि रांजण, सिडकोतल्या घरांच्या गच्चीवरची निळी पिंपं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागचे टायर आणि भंगार, गंगापूर रोडच्या बंगल्यांत कुंड्यांखाली ठेवलेल्या ताटल्या, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे अर्धवट इमारतींमधला लिफ्टचा खड्डा. मादी सहसा शंभर-दोनशे मीटरच्या टापूतच आयुष्य काढते. त्यामुळे पंचवटीत पकडलेला डास इंदिरानगरबद्दल काहीही सांगत नाही.

आता विषाणूचं. बहुतेक डास जन्मतः निर्दोष असतात. मादी डेंग्यूच्या रुग्णाला चावते, रक्ताबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो, आतड्याच्या पेशींत वाढतो, तिथून अंगभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथीत पोहोचतो. तोवर ती कुणाला आजार देऊ शकत नाही. या प्रवासाला लागणारे दिवस तापमानावर अवलंबून असतात: २५ अंशांना सरासरी सुमारे १५ दिवस, ३० अंशांना साधारण साडेसहा. मादीचं आयुष्यच दोन ते चार आठवड्यांचं. म्हणजे रुग्णाला चावून, पुढे तेवढे दिवस जगून, लाळेपर्यंत विषाणू पोहोचलेल्या माद्या फार थोड्या उरतात. ऐन साथीतही हजार माद्यांमागे बाधित सहसा दोन-पाचच सापडतात. पुढची सगळी गणितं या एका गोष्टीवर उभी आहेत.

अळ्या मोजून काय कळतं

घरोघरी होते ती पाहणी अळ्यांची. तिचे निर्देशांक सोपे आहेत. समजा १०० घरं पाहिली, त्यांत पाणी असलेली ३०० भांडी निघाली, आणि ८ घरांतल्या १४ भांड्यांत अळ्या होत्या. घर निर्देशांक ८ टक्के, भांडी निर्देशांक साधारण ४.७ टक्के, आणि दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती हे सांगणारा ब्रेट्यू निर्देशांक १४.

ब्रेट्यू ५ च्या खाली असेल तर धोका कमी, २० च्या वर गेला तर जास्त, असा ठोकताळा आहे. तो मुळात पीतज्वरासाठी (यलो फीव्हर) बांधलेला. डेंग्यूला तो नीट बसत नाही. सिंगापूरनं घर निर्देशांक वर्षानुवर्षं २ टक्क्यांच्या आसपास ठेवला, तरी तिथे डेंग्यू परतला. शिवाय या मोजणीत एका ताटलीतल्या तीन अळ्या आणि दोनशे लिटरच्या पिंपातल्या तीनशे अळ्या सारख्याच भरतात: एक भांडं. म्हणून कोष मोजणं जास्त उपयोगी. कोषाच्या अवस्थेला पोहोचलेला बहुतेक जीव दोन-तीन दिवसांत डास होऊन उडतो. कोष मोजले की वस्तीतले निम्म्याहून जास्त डास चार-दोन प्रकारच्या भांड्यांतूनच येतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

अळ्यांची पाहणी स्वस्त आहे आणि ती थांबवू नये. पण तिला विषाणूबद्दल काहीच सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्या, उडत्या माद्या हव्यात.

पकड

माणसाच्या उघड्या पायावर डास बसू द्यायचा आणि पकडायचा, ही जुनी पद्धत डेंग्यूसाठी वापरू नये. मलेरियात निदान प्रतिबंधक गोळ्या तरी देता येतात, इथे तीही सोय नाही. प्रकाश-सापळाही फारसा कामाचा नाही, कारण तो रात्री चालतो आणि एडिस दिवसाची.

उरतात दोन मार्ग. पहिला, घरात विसावलेले डास ओढून घेणं. त्यासाठी सक्शन ट्यूब किंवा बॅटरीवर चालणारा ऍस्पिरेटर आणि टॉर्च. वेळ सकाळी सात ते दहा. माद्या बसतात त्या जागा ठरलेल्या: पलंगाखाली, पडद्यांच्या मागे, खुंटीला टांगलेल्या गडद कपड्यांत, चपलांच्या रॅकमध्ये, बेसिनखालच्या अंधारात, आणि बहुतेक जमिनीपासून दीड मीटरच्या आत. दारात उभं राहून "काकू, पाच मिनिटं पलंगाखाली टॉर्च मारतो" एवढं म्हणून आत जाता येतं, पण त्याचबरोबर रात्री मच्छरचं मशीन लावलं होतं का, काल-परवा गल्लीत धुराळणी झाली का, हेही विचारून लिहून घ्यायचं. या दोन प्रश्नांची उत्तरं नोंदीत नसतील तर रिकाम्या नळीचा अर्थ लावता येत नाही. एका घरात चार-दोन एडिस माद्या मिळाल्या तरी पकड चांगली म्हणायची.

दुसरा मार्ग सापळ्यांचा. बीजी-सेंटिनेल नावाच्या सापळ्यात बारा व्होल्टचा पंखा असतो आणि माणसाच्या घामाची नक्कल करणारं आमिष: लॅक्टिक आम्ल, अमोनिया, कॅप्रॉइक आम्ल. तो सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर, जमिनीवर ठेवायचा. बिघाड होतो तो साध्या कारणांनी. वीज गेली, पंखा थांबला, की जाळीतले डास निघून जातात. मुंग्यांची रांग लागली तर सकाळी जाळीत नुसते पंख उरतात, म्हणून सापळ्याच्या बुडाला तेल किंवा ग्रीसचा पट्टा लागतो. आणि पोरांनी उचलून खेळायला नेला तर बोलणंच खुंटलं. जाळी रोज बदलायची. दोन दिवस ठेवली तर पंख्याच्या झोतात डास वाळून कडक होतात आणि त्यांची जात ओळखणंही अवघड होतं.

अंड्यांचा सापळा वेगळा, आणि सगळ्यांत स्वस्त. अर्धा लिटरचा काळा डबा, तीन-चतुर्थांश पाणी, काठाला आतून खरखरीत कागदाची पट्टी. पाण्यात कुजवलेल्या गवताचा अर्क १० टक्के मिसळला तर माद्या जास्त येतात. डब्याच्या बाजूला वरच्या भागात एक भोक पाडायलाच हवं, नाहीतर जुलैतल्या पावसात डबा भरून वाहतो आणि अंडी धुऊन जातात. पट्टी पाचव्या-सहाव्या दिवशी, फार तर सातव्या दिवशी उचलायची. त्यापुढे विसरला गेलेला डबा स्वतःच डासांचा कारखाना होतो. या अंड्यांतून वाढवलेले डास तपासले तर आईकडून पिल्लांत विषाणू उतरतो का, एवढंच कळतं. तसं घडतं, पण क्वचित. वस्तीतल्या फैलावाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

चिठ्ठी आणि बर्फ

आजवर जितके नमुने वाया जातात त्यांतले बरेच प्रयोगशाळेत नव्हे, रस्त्यात वाया जातात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, नाजूक असतो. डास मेला की तो तुटायला लागतो. म्हणून डास जिवंत किंवा थंड अवस्थेत आणायचे, गार पाटावर ठेवून पटकन निवडायचे आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकायचे. निवडणं म्हणजे जात, लिंग आणि पोटातलं रक्त पाहणं. सूक्ष्मदर्शकाखाली इजिप्तीच्या पाठीवर दोन बाजूंना कंसासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेषा आणि त्यांच्या मधे दोन बारीक रेषा दिसतात. अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी पट्टी. गार पाटावर दव धरलं तर हे पांढरे खवले ओले होऊन निघतात आणि मग दोन जातींत घोळ होतो. पाट सुका ठेवण्यासाठी खाली टिपकागद घालतात.

पोटात ताजं लाल रक्त असलेल्या माद्या वेगळ्या ठेवायच्या. अशी मादी चाचणीत पॉझिटिव्ह आली तर विषाणू तिच्या अंगात वाढलाय, की तिनं काल ज्याला चावलं त्याचंच रक्त अजून पोटात आहे, हे सांगता येत नाही. शंका असेल तर डोकं आणि छाती पोटापासून वेगळी करून तपासतात. डोक्यात विषाणू सापडला तर तो पोटाबाहेर पसरलाय हे नक्की.

करोनाच्या वेळी पूल टेस्टिंग ऐकलं असेलच. इथेही तसंच. एकाच जातीच्या, एकाच जागेच्या, एकाच तारखेच्या १० ते २५ माद्या एका कुपीत, म्हणजे एक पूल. काही जण ५० पर्यंत जातात, आमच्या मते ते टाळावं. कारण पुढे येईलच. कुपीवर प्रभाग, घराची नोंद, तारीख, जात, संख्या आणि पकडण्याची पद्धत, आणि हे सगळं पेन्सिलनं किंवा फ्रीझरमध्ये टिकणाऱ्या शाईनं. साधं मार्कर अल्कोहोल लागलं की पुसतं, आणि चिठ्ठी गेलेली कुपी फेकूनच द्यावी लागते.

नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाठवायचे झाले तर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास कोरड्या बर्फात करावा लागतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. पेटी हवाबंद करायची नाही, आतला वायू कोंडून ती फुटू शकते. उलट कुप्यांची झाकणं मात्र घट्ट हवीत, कारण तोच कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रव आम्लधर्मी करतो आणि जिवंत विषाणू मरतो.

प्रयोगशाळेत

पूलमधले डास अर्धा ते एक मिलिलिटर द्रावणात बारीक मण्यांबरोबर चिरडतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरच्या स्वच्छ द्रवातून आरएनए काढतात. मग आरटी-पीसीआर. आरएनएची डीएनए प्रत करायची, तिचा ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट करायचा आणि तो कितव्या फेरीत दिसायला लागला ते पाहायचं. हा सीटी आकडा. तो लहान म्हणजे विषाणू जास्त. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. किटमध्ये मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ ३७. ३६ आणि ३८ यांच्या मधे लोंबकळणारा नमुना पुन्हा तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणून कळवू नये.

इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. डासांच्या डोळ्यांतली रंगद्रव्यं आणि शरीरातले इतर पदार्थ पीसीआरच्या आड येतात. एका कुपीत ५० डास कोंबले तर हा अडथळा वाढतो आणि असलेला विषाणूही दिसत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर आतला नियंत्रक, म्हणजे हमखास उमटायलाच हवा असा खुणेचा जनुकीय तुकडा, चालवतात. तो उमटला नाही तर नमुना निगेटिव्ह नव्हे, बाद. उलट बाजूला, डासांमध्ये माणसाला निरुपद्रवी असलेले त्यांचे स्वतःचे फ्लेविव्हायरस (डेंग्यूच्याच कुळातले विषाणू) असतात, आणि एडिसच्या जनुकांतच अशा विषाणूंचे जुने तुकडे अडकलेले असतात. सगळ्या फ्लेविव्हायरसना पकडणारा ढोबळ प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा हे पीसीआरला दाखवणारा छोटा जनुकीय धागा) वापरला तर हे तुकडेही उजळून निघतात. डेंग्यूच्या चारही प्रकारांसाठी नेमके प्रायमर वापरणं आणि शंका असेल तर क्रमवाचन करणं, म्हणजे सापडलेला तुकडा अक्षर-अक्षर वाचणं, हाच उपाय. त्याशिवाय प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्दोष डासांचा एक पूल सगळ्या प्रक्रियेतून घालायचा. तो पॉझिटिव्ह आला तर त्या दिवसाची सगळी कामगिरी रद्द, कारण कुठेतरी शिंतोडे उडाले आहेत.

पीसीआरला विषाणूचे तुकडे दिसतात, तो जिवंत आहे की नाही हे दिसत नाही. जिवंत हवा असेल तर तो पेशींत वाढवावा लागतो, आणि त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सी६/३६ पेशींचं मूळ पुण्याचं आहे. तिथल्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये १९६७ साली एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून पेशींची वंशावळ तयार झाली आणि १९७८ साली जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी तिच्यातून हा क्लोन वेगळा केला.

निगेटिव्ह आकड्यानं फसू नका

समजा वस्तीत हजार माद्यांमागे एक बाधित आहे आणि तुम्ही ३०० माद्या तपासल्या. त्यांत एक तरी बाधित सापडण्याची शक्यता जेमतेम २६ टक्के. हजार तपासल्या तर ६३ टक्के. ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे ३००० माद्या लागतात. प्रमाण हजारी पाच असेल तर ६०० पुरतात. म्हणजे दोन-तीनशे डास तपासून "विषाणू आढळला नाही" असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ फार तर एवढाच की प्रमाण हजारी दहाच्या पुढे बहुधा नाही. शहर सुरक्षित आहे असं त्यातून मुळीच निघत नाही. कोणत्याही निगेटिव्ह अहवालात किती माद्या तपासल्या हा आकडा आधी शोधावा. तो नसेल तर अहवाल वाचण्यात वेळ घालवू नये.

पॉझिटिव्ह पूल आले तर किमान बाधा दर काढतात: पॉझिटिव्ह पूल भागिले एकूण डास, गुणिले १०००. २५-२५ माद्यांचे ४० पूल, त्यांतले ३ पॉझिटिव्ह, तर दर हजारी ३. यात गृहीत धरलंय की पॉझिटिव्ह पूलमध्ये एकच मादी बाधित होती. पॉझिटिव्ह पूल थोडे असतात तेव्हा हे चालतं. पण ४० पैकी २० पॉझिटिव्ह आले तर हा दर हजारी २० येतो, आणि संभाव्यतेच्या नीट गणितानं उत्तर येतं सुमारे २७. पूल जितके मोठे तितकी ही घसरण मोठी. ५० चे पूल नकोत म्हणण्याचं हे दुसरं कारण.

पॉझिटिव्ह आल्यावर

अहवाल पकडीनंतर आठवड्याच्या आत हाती आला तर कामाचा. तीन आठवड्यांनी आला तर त्या माद्यांची पिढी केव्हाच मेलेली असते. तो इतिहास म्हणून जपावा, पण फवारणीचा ट्रक त्यावर धाडू नये.

वेळेत आला तर पकडीच्या जागेभोवती दोनशे मीटरच्या वर्तुळात घरांच्या आत फवारणी, नुसती रस्त्यावर धुराळणी नव्हे. एडिस पलंगाखाली बसलेली असताना बाहेरचा धूर खिडकीवरून निघून जातो. घरातल्या फवारणीसाठी पायरेथ्रम या कीटकनाशकाचा २ टक्के अर्क १ भाग आणि रॉकेल १९ भाग हे नेहमीचं प्रमाण. त्याच दिवशी भांडी रिकामी करायला हवीत, कारण फवारणीनं उडते डास मरतात, पाण्यातले कोष नाही, आणि तीन दिवसांत नवी तुकडी तयार. पिंप नुसतं उपडं करून चालत नाही, आतून काथ्यानं घासावं लागतं. काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. त्या वर्तुळात तापाचे रुग्ण शोधून पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तातलं विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं) तपासणी.

अहवालातली एक गोष्ट मात्र जुनी झाली तरी मोलाची राहते, ती म्हणजे विषाणूचा प्रकार. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून संरक्षण टिकतं, पण दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. गेली दोन वर्षं शहरात एक प्रकार होता आणि यंदा डासांत दुसराच दिसू लागला, तर रुग्णालयांना आधीच सावध करता येतं. खाटा आणि सलाइनची तयारी लागतेच, शिवाय प्लेटलेटच्या आकड्यामागे धावण्यापेक्षा रक्तदाब आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) नजर ठेवायची आठवणही द्यावी लागते.

फवारणी उपयोगी पडली का, हे पाहायचं असेल तर आठवड्यानं पुन्हा पकड करायची. त्याच घरांत, त्याच वेळेला, त्याच साधनानं. पहिल्यांदा सकाळी ऍस्पिरेटर आणि दुसऱ्यांदा दुपारी सापळा वापरला, तर दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, आणि माद्या कमी झाल्या की पकडणारे ढिले पडले हे कुणालाच सांगता येत नाही.